सह्याद्रीची उभी वाट

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं सांगतात. नाणेघाट, थळघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा... सह्याद्रीतल्या जुन्या वाटा बहुतेक सगळ्या अशाच, आडव्या. माल बंदरात उतरायचा, बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा आणि देशावरच्या बाजारात जायचा. डोंगर हा ओलांडायचा अडसर होता. त्याच्या लांबीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

ते १९८७ च्या नोव्हेंबरात सापडलं. एक तुकडी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या नवापूरहून दक्षिणेला निघाली, दुसरी कन्याकुमारीहून उत्तरेला. मध्ये सुमारे १,६०० किलोमीटरची डोंगररांग. जगदीश गोडबोले, कुमार कलानंद मणी यांच्यासारखे कार्यकर्ते संयोजनात होते आणि देशभरातल्या कितीतरी संस्था सोबत होत्या. शंभरेक दिवसांनी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, दोन्ही तुकड्या गोव्यात फोंड्याजवळ रामनाथीला भेटल्या. जागाही बोलकी होती. रामनाथ मूळचा लोटलीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने भक्तांनी त्याला इकडे हलवलेलं. खुद्द गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते.

ही ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा. डोंगर वाचवायचा तर तो आधी पायाखालून घालायला हवा, ही कल्पना हिमालयात त्याआधीच रुजली होती. २५ मे १९७४ रोजी उत्तराखंडातले काही विद्यार्थी अस्कोटहून आराकोटला चालत निघाले. दर दहा वर्षांनी ती यात्रा आजही निघते. सुंदरलाल बहुगुणा १९८१ ते १९८३ या काळात टप्प्याटप्प्याने काश्मीर ते कोहिमा चालले, सुमारे ४,८७० किलोमीटर. हिमालयातल्या चिपको आंदोलनात तयार झालेले पांडुरंग हेगडे कर्नाटकात परतले आणि ८ सप्टेंबर १९८३ रोजी शिरसीजवळच्या सळकणी गावच्या लोकांनी तोडीला आलेल्या झाडांना मिठ्या मारल्या. चळवळीचं नावच पडलं ‘अप्पिको’, म्हणजे कवटाळणं.

सह्याद्रीला मात्र झाडं राखण्याचं बाळकडू हिमालयाकडून घ्यायची गरज नव्हती. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया धुंडाळल्या, त्या वेळची श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकिगत प्रसिद्ध आहे. तिथली काळकाईची राई वनखात्याने तोडीला काढली होती. बाकीचं रान उजाड झालेलं. गावाचा ओढा वाहायचा तो या राईतून. गावकऱ्यांनी गाडगीळांकडे धाव घेतली आणि राई वाचली. देवीचा धाक होता हे खरं, पण पाण्याचा हिशेबही गावाला पक्का ठाऊक होता.

उत्तरेच्या तुकडीसमोर जो महाराष्ट्र होता, तो असा गुंतागुंतीचा होता. भीमाशंकरला अभयारण्य होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. शेकरू वाचला पाहिजे यावर दुमत नव्हतं. पण त्याच रानातला हिरडा विकून महादेव कोळ्यांच्या घरात मीठ-मिरची यायची. त्याच आंबेगाव तालुक्यात पडकईची रीत होती. उतारावर दगड रचून ताल घालायची, तिच्या मागे माती भरून भाताचं खाचर करायचं. एकट्याच्या अंगाबाहेरचं काम, म्हणून आज माझ्या उतारावर सगळे, उद्या तुझ्या. डोंगर राखणं आणि डोंगर कसणं या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि हे मोटारीच्या काचेतून दिसत नाही.

पदयात्रेने लगेच कायदा आणला नाही. तिने दिला तो शब्द. ‘पश्चिम घाट’ हा तोवर भूगोलाच्या पुस्तकातला शब्द होता. आपल्याकडे सह्याद्री, केरळात सह्य पर्वत, निलगिरी म्हणजे आणखी तिसरंच काही. हा सगळा एकच डोंगर आहे आणि त्याचं दुखणंही एक आहे, हे त्या उभ्या वाटेने बऱ्याच जणांच्या डोक्यात घातलं.

फेब्रुवारी २०१० मध्ये पदयात्रेतली मंडळी निलगिरीतल्या कोटागिरीला पुन्हा जमली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश तिथे आले आणि मार्चमध्ये गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञगट नेमला गेला. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल मंत्रालयात पोचला आणि तिथेच अडकला. माहिती अधिकार, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश, मग दिल्ली उच्च न्यायालय, एवढं सगळं झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला.

अहवालाचा आग्रह होता की पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या हद्दी आणि तिथली बंधनं ग्रामसभांना विचारून ठरवावीत, त्यासाठी तो स्थानिक भाषांतून गावोगाव न्यावा. ते झालं नाही. सिंधुदुर्गातल्या पंचवीसेक ग्रामसभांनी, आमची गावं संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते. त्यांचं मोल कुणी केलं नाही. उलट न वाचलेल्या अहवालाची भीती घरोघर पोचली. ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट बसला. गाडगीळांनी पूर्ण घाट, म्हणजे सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर, कमी-जास्त संवेदनशील मानला होता. या गटाने ते क्षेत्र साठ हजारांच्या आसपास आणलं, आणि केरळात त्यावरही हरताळ झाले. अहवालात काय लिहिलंय यापेक्षा तो दिल्लीहून आलाय हेच लोकांना जास्त खुपलं असावं. चालत आलेल्या माणसाला गावात आधी पाणी मिळतं, मग प्रश्न विचारता येतो. राजपत्राला ती सोय नाही.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. हातांनी व्हायची ती पडकई यंत्रांनी झाली, म्हणून डोंगर सुटला, असा आरोप झाला. त्यावर मतभेद आहेत. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये शेकडो लोक दरडीखाली सापडले. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला: ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. सहा राज्यांतल्या गावांना हरकती कळवण्यासाठी दिलेली मुदत होती ६० दिवसांची. १९८७ मध्ये नुसतं चालायलाच शंभर लागले होते.