वर्गातील पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार धरावी आणि दुसऱ्यास कोरडा भात वाढावा, यास आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात व तो मोठा दोष मानतात. गुरुजींनी चार मुलांवर मर्जी ठेवून इतरांकडे पाहूही नये, हा त्यातलाच प्रकार होय. तथापि त्याचा सारा बोल एका गुरुजींच्या स्वभावास लावणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. कोणाच्या पानात काय पडावयाचे, हे पुष्कळदा पंगत बसण्यापूर्वीच ठरलेले असते.

पिंपरी-चाकणच्या शेजारील तळेगावाचाच इतिहास पाहावा. श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल तेथे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी पाडली. 1731 मध्ये त्र्यंबकराव दाभाडे डभईच्या लढाईत पडल्यावर पेशव्यांनी ती पुण्यास चालविली. विद्येचा हा गौरव खरा. पण तो एकाच वर्णापुरता होता. 1818 मध्ये पेशवाई गेली, रीत मात्र गेली नाही. 1821 मध्ये इंग्रज सरकारने दक्षिणेच्या पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, तीही ब्राह्मणांसाठीच. तिचे दार सर्वांस खुले होण्यास 1851 साल उजाडावे लागले.

परंतु दार उघडल्याने पंक्तिप्रपंच संपला काय? 1882 मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे केलेले निवेदन याच प्रश्नास हात घालते. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत. शेतकऱ्यांच्या मुलांत मोकळेपणाने मिसळतील असे शिक्षक शक्यतो त्याच वर्गातून घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. याहून मार्मिक मुद्दा शिष्यवृत्त्यांचा. चढाओढीने दिलेली शिष्यवृत्ती तत्त्वतः न्याय्य दिसली, तरी मागे राहिलेल्या वर्गांत तिने विद्येचा प्रसार होत नाही, असे त्यांनी बजावले. पिढ्यान् पिढ्या ज्याचे पान भरलेले, त्यालाच गुणांच्या नावाने पुन्हा वाढले जात होते.

मग गुरूने कोणावर लोभ करूच नये काय? आमचे मत तसे नाही. 1907 च्या सुमारास केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. ही मर्जीच होती. पण ती रिकाम्या पानाकडे वळली होती.

आज चाकण-पिंपरीच्या कारखान्यांमुळे दूरदेशीच्या कामकऱ्यांची मुले येथील बाकांवर बसतात. त्यांतील एखादे मराठी अडखळत बोलते म्हणून मागे राहते, आणि चटकन हात वर करणाऱ्यास शाबासकी मिळते. तेथे गुरुजींची नजर प्रथम कोणाकडे वळते, यावरच त्या वर्गाची परीक्षा व्हावी.