अलेक्झांडर वॉकर
७. मेजर अलेक्झांडर वॉकर : १८०२पासून बडोद्याचा रेसिडेंट (ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातील प्रतिनिधी), मूळचा स्कॉटलंडचा. नाव ग्रीक, ‘अलेक्सान्द्रोस’. ‘अलेक्सो’ म्हणजे परतवून लावणे, राखणे. ‘आन्द्रोस’ हे ‘आनेर’ (पुरुष) याचे षष्ठीरूप. म्हणजे माणसांचा राखणदार. होमरच्या ‘इलियड’मध्ये हे ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचेही नाव, प्रतिस्पर्धी मेनेलाऊस समोर येताच मागे सरणाऱ्या त्या राजपुत्राला ते फारसे शोभत नाही. आरंभीचा ‘अल’ अरबी उपपद समजला जाऊन गळला आणि ‘इस्कंदर’ झाले. तोच आपला सिकंदर. स्कॉटलंडात १२व्या-१३व्या शतकांत या नावाचे तीन राजे झाले, तिथे हे नाव चांगलेच रुळले. वॉकरने डिसेंबर १८०२मध्ये बडोद्याला वेढा घातला, तो बडोद्याचे राजे आनंदराव गायकवाड यांच्याच बंडखोर अरब शिबंदीला हुसकावण्यासाठी.