‘यामाबुकी’ची ओळख : एका उद्यानवनस्पतीच्या नामकरणाचा इतिहास

प्रस्तावना :

वनस्पतीची ओळख पटविणे हे वर्गीकरणशास्त्राचे कार्य होय. मात्र ती ओळख का चुकली व कशी सुधारली गेली, हा इतिहासाचा विषय आहे. जपान व चीनमधील उद्यानांत वसंत ऋतूत पिवळ्याधमक फुलांनी बहरणारे एक झुडूप जपानमध्ये ‘यामाबुकी’ या नावाने ओळखले जाते. त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘केरिया जॅपोनिका’ असे आहे. या नावापर्यंतचा प्रवास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

दोन नावे, दोन कुले :

लिनियस यांनी १७७१ मध्ये या झुडपाचा समावेश ‘रुबस’ म्हणजे रासबेरीच्या प्रजातीत केला. ही प्रजाती गुलाब कुलातील आहे. पुढे १७७५-७६ मध्ये जपानमध्ये वास्तव्य केलेले त्यांचे शिष्य थुनबर्ग यांनी १७८४ च्या ‘फ्लोरा जॅपोनिका’ या ग्रंथात त्यास ‘कॉर्कोरस’, म्हणजे ज्यूटच्या प्रजातीत स्थान दिले. शिष्याचे मत गुरूच्या मताहून अधिक काळ टिकले.

यास कारण होते. दंतुर कडांची, एकाआड एक येणारी पाने व पाच पाकळ्यांची पिवळी फुले दोहोंतही आढळतात. भेद आहे तो फुलाच्या अंतर्भागात. गुलाब कुलात पुंकेसर पुष्पकोशाच्या कडेवर असतात, तर ज्यूटमध्ये ते पुष्पासनावर असतात. तसेच यामाबुकीत स्त्रीकेसर अनेक व सुटे असतात. परंतु उद्यानांत प्रामुख्याने लावले जाई ते दुहेरी फुलांचे झुडूप. दुहेरी फुलात पुंकेसरांचेच पाकळ्यांत रूपांतर झालेले असते व फळही धरत नाही. ज्या खुणांवर लिनियस यांची वर्गीकरणपद्धती उभी होती, नेमक्या त्याच खुणा माळ्यांच्या आवडीने पुसून टाकल्या होत्या.

केर आणि कांदोल :

लंडनजवळील क्यू उद्यानातील विल्यम केर यांना जोसेफ बँक्स यांच्या पुढाकाराने १८०३ मध्ये कँटन येथे पाठविण्यात आले. त्यांनी पाठविलेल्या वनस्पतींत दुहेरी यामाबुकी होती. १८१८ मध्ये द कांदोल यांनी हे झुडूप ज्यूटपासून वेगळे काढले, गुलाब कुलात आणले व त्यासाठी ‘केरिया’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. केर यांचे निधन १८१४ मध्येच श्रीलंकेत झाले होते. आपल्या नावाची ही प्रजाती त्यांना पाहावयास मिळाली नाही. एकेरी फुलांचे झुडूप तर इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात पोहोचले. तोपर्यंत तेथील उद्यानांत दुहेरी रूपच परिचित होते. इंग्रजी बोलीत ज्यूटच्या भाजीचे नाव या झुडपास चिकटून राहिले, ते याच जुन्या चुकीचे अवशेष होय.

साहित्यातील साक्ष :

दुहेरी यामाबुकीस बी धरत नाही, ही गोष्ट जपानमध्ये अज्ञात नव्हती. १०८६ मध्ये सिद्ध झालेल्या ‘गोशूइशू’ या काव्यसंग्रहात राजपुत्र कानेआकिरा यांची एक कविता आहे. तिच्यातील श्लेष याच वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. जपानी भाषेत ‘मि’ म्हणजे बी वा फळ व ‘मिनो’ म्हणजे गवताचे इरले. पंधराव्या शतकातील सरदार ओता दोकान यांनी पावसात एका झोपडीपाशी इरले मागितले असता तेथील मुलीने मुकाट्याने यामाबुकीची डहाळी पुढे केली, अशी आख्यायिका आहे. ‘इरले नाही’ हा तिचा अर्थ त्यांना उमगला नाही व त्यानंतर ते काव्याभ्यासाकडे वळले, असे म्हणतात. आख्यायिकेची सत्यता बाजूस ठेवली, तरी तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण अचूक आहे.

निष्कर्ष :

उद्यानातील वनस्पती ही निसर्गाइतकीच मानवी निवडीचीही निर्मिती असते. म्हणून तिची ओळख केवळ नमुन्यावरून ठरविणे धोक्याचे ठरते. तिच्या लागवडीचा इतिहासही तपासावा लागतो. दुहेरी फूल वांझ असते हे सूत्र थुनबर्ग यांच्या ग्रंथाच्या सुमारे ७०० वर्षे आधी काव्यात नोंदले गेले होते. विज्ञानाच्या इतिहासकाराने साहित्यास साधन मानावे ते याचसाठी. दुहेरी जास्वंद वा तगर विद्यार्थ्यांपुढे ठेवताना आपल्या अध्यापकांनीही हा विचार ध्यानी घ्यावा.