भूमी आणि वेज : गोल्फच्या एका साधनाचा इतिहास व पश्चिम भारतातील त्याची निवड

१

हत्याराचा इतिहास हा पुष्कळ अंशी जमिनीचा इतिहास असतो. कोकणातील भातखाचरांत चालणारा हलका लाकडी नांगर आणि देशावरील काळ्या जमिनीसाठी अनेक बैलजोड्या लागणारा अवजड नांगर यांतील भेद कारागिरांच्या लहरीतून निर्माण झालेला नाही. तो मातीने घडविलेला आहे. शेतीच्या अवजारांविषयी हे विधान सर्वमान्य असले, तरी खेळाच्या साधनांचा विचार करताना त्याचे सहसा विस्मरण होते. गोल्फमधील ‘वेज’ या काठीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

वेज म्हणजे अगदी जवळच्या पल्ल्यासाठी, चेंडू उंच उडवून लवकर थांबविण्यासाठी वापरावयाची लोखंडी तोंडाची काठी होय. तिची दोन अंगे मुख्य मानली जातात. पहिले लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे झुकलेला कोन. यावर चेंडूची उंची अवलंबून असते. दुसरे बाउन्स, म्हणजे काठीच्या तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा जितकी खाली उतरलेली असते तो कोन. काठी जमिनीत रुतणार की तिच्यावरून घसरून पुढे जाणार, हे यावर ठरते. लॉफ्ट चेंडूशी बोलतो, बाउन्स मातीशी बोलतो, असे म्हणावयास हरकत नाही. खरेदीच्या वेळी मात्र बहुतेक खेळाडू पहिल्या अंकाचाच विचार करतात. दुसरा अंक कोणत्या भूमीतून जन्मला आणि पश्चिम भारताच्या भूमीत त्याचा अर्थ कसा बदलतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

गोल्फचा उगम स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वालुकामय गवताळ पट्ट्यांत झाला. १४५७ मध्ये तेथील संसदेने या खेळावर बंदी घातली होती, यावरून त्याची तत्कालीन लोकप्रियता सूचित होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू चामड्याचा व आत पिसे भरलेला असे. लोखंडी काठीच्या आघाताने तो फाटत असल्यामुळे बहुतेक काठ्या लाकडी होत्या. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा टणक व स्वस्त चेंडू प्रचारात आला आणि लोखंडी काठ्यांचा मार्ग मोकळा झाला. गाडीच्या चाकोरीत किंवा वाळूत अडकलेला चेंडू काढण्यासाठी ‘निब्लिक’ ही जड काठी वापरीत. तिची धार मात्र पातळ होती. त्यामुळे मऊ वाळूत ती खोल रुतून बसे.

या अडचणीवर दोन उपाय निघाले. टेक्सासमधील एडविन मॅक्लेन यांनी पुढून वाटीसारखे खोलगट तोंड असलेली काठी तयार करून १९२८ मध्ये तिचा पेटंट मिळविला. १९३० मध्ये होयलेक येथील ब्रिटिश ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी निर्णायक क्षणी अशी काठी वापरली. परंतु खोलगट तोंडामुळे एकाच आघातात चेंडूला दोनदा स्पर्श होण्याचा संभव असल्याने १९३१ मध्ये ती निषिद्ध ठरली. दुसरा उपाय जीन साराझेन यांचा. उड्डाण करताना विमानाची शेपटी खाली झुकली की नाक वर उचलले जाते, हे पाहून त्यांनी आपल्या निब्लिकच्या तळाला मागील बाजूने शिसे डागून तो जाड केला. आता काठी वाळूत बुडण्याऐवजी वाळूवरून सरकू लागली. १९३२ मध्ये केंट परगण्यातील प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकताना साराझेन यांनी हीच काठी वापरली. नियामकांच्या दृष्टीस ती आधी पडू नये म्हणून पिशवीत ती उलटी ठेवीत, असे ते पुढे सांगत असत.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बाउन्सची कल्पना मुळात किनाऱ्यावरील सुट्या वाळूच्या प्रश्नाचे उत्तर होती. अन्य भूमीत ती तशीच उपयोगी पडेल, अशी हमी तिच्या जन्मात नव्हती.

३

मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ मध्ये स्थापन झाला. कलकत्त्याच्या १८२९ मधील क्लबनंतर ब्रिटिश बेटांबाहेरील हा अगदी आरंभीचा क्लब होय. म्हणजे गटापर्चाच्या चेंडूपूर्वीच, लाकडी काठ्या व पिसांचे चेंडू घेऊन हा खेळ पश्चिम किनाऱ्यास लागला. पुढे नाशिक येथेही युरोपीय अधिकाऱ्यांनी मैदान वसविले. १९१८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाने मुंबईत स्थापन झालेल्या क्लबने भारतीय व युरोपीय अशा दोघांसही सभासदत्व खुले केले. १९२७ मध्ये चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब सुरू झाला. रायगड जिल्ह्यात खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने उभारलेले मैदान हे या मालिकेतील अलीकडचे उदाहरण होय.

या सर्व ठिकाणी साधन बाहेरून आले. भूमी मात्र येथली होती. ही भूमी कशी आहे हे पाहावयाचे असल्यास मैदानावरच गेले पाहिजे असे नाही. पनवेल–रोहे लोहमार्गावर आपटे व हमरापूर या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या जिते गावाच्या परिसरातील भातखाचर जुलैत पाहावे आणि तेच खाचर एप्रिलात पाहावे. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात जुलैत पाय घोट्यापर्यंत रुततो. एप्रिलात त्याच मातीला भेगा पडतात आणि कुदळ मारली तरी ठिणगी उडावी इतकी ती टणक होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाऊस वर्षभर विखुरलेला असतो व वाळूतून पाणी लवकर झिरपते. त्यामुळे तेथील जमिनीचा स्वभाव फारसा पालटत नाही. कोकणात एकाच जागी वर्षातून दोन भूमी नांदतात. देशावरील कित्येक कोरड्या मैदानांत तर हिरवळ राखणेच अशक्य असल्याने तेल शिंपडलेल्या वाळूचे सपाट चौथरे करीत. त्यांस खेळाडू ‘ब्राउन’ म्हणत.

गवताचीही तीच गोष्ट. येथील मैदानांवर सर्वत्र आढळणारी हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वांची वनस्पती, जमिनीलगत चिवटपणे पसरते. उन्हाळ्यात ती आखूड कापली असता चेंडू जणू फरसबंदीवर ठेवल्यासारखा राहतो. पावसाळ्यात ती माजली की चेंडू तिच्यात दडून बसतो.

४

या पार्श्वभूमीवर वेजच्या निवडीचा विचार केला पाहिजे. सामान्यतः ४ ते ६ अंश बाउन्स कमी, ७ ते १० मध्यम व त्याहून अधिक तो जास्त मानला जातो. टणक जमीन, आखूड हरळी व खड्ड्यातील दबलेली वाळू यांवर कमी बाउन्स हितकर. कारण जाड तळ तेथे आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या मध्यावर बसून तो भलतीकडे धावतो. ओली माती, माजलेले गवत व सुटी वाळू यांत जास्त बाउन्स आवश्यक. नाही तर धार रुतते आणि चेंडू जागीच राहतो.

परंतु भूमी हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा खेळाडूच्या हातात असतो. काहींचा आघात कुदळीप्रमाणे वरून खाली येतो व मातीचा मोठा ढेकूळ उचलतो. अशांस अधिक बाउन्स सांभाळून घेतो. काहींचा आघात केरसुणीप्रमाणे जमिनीला समांतर फिरतो. अशांस कमी बाउन्स मानवतो. कुदळीच्या पद्धतीने खेळणारा मनुष्य एप्रिलच्या टणक मैदानावर उतरला, म्हणजे त्याचा हात एक मागतो आणि भूमी दुसरेच मागते. अशा वेळी मध्यम बाउन्सची काठी हा एक तोडगा. दुसरा तोडगा म्हणजे जास्त बाउन्सची सुमारे ५६ अंशांची व कमी बाउन्सची सुमारे ६० अंशांची अशा दोन काठ्या बाळगून ऋतूनुसार एकीवर अधिक भिस्त ठेवणे.

काठ्या मनमुराद बाळगण्यास मात्र नियमाची आडकाठी आहे. अमेरिकेत १९३८ मध्ये व ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये चौदा काठ्यांची मर्यादा घालण्यात आली. त्यातच पिचिंग वेजचा लॉफ्ट, जो विसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे ५० अंश असे, तो उत्पादकांनी अधिक पल्ल्याच्या मोहाने ४५ अंशांच्या आसपास आणला. त्यामुळे पडलेली पोकळी भरण्यासाठी ‘गॅप वेज’ ही नवी काठी विकावी लागली. काठीवर कोरलेले नाव स्थिर राहिले, तिचा अर्थ बदलला. साधनांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

५

अखेर प्रश्न उरतो तो ज्ञानाचा. कोणत्या खळग्याभोवती पाणी साचते, कोणत्या उतारावर हरळीचा कल कोणीकडे आहे, कोणता वाळूचा खड्डा पावसानंतर दगडासारखा होतो, हे वर्षभर मैदान पायांखाली घालणाऱ्या कॅडीला ठाऊक असते. वसाहतकाळी पिशवी वाहणाऱ्या कॅडीखेरीज चेंडू कोठे पडला हे पाहण्यासाठी पुढे उभा राहणारा ‘आगेवाला’ही असे. चषकांवर विजेत्यांची नावे कोरली जातात; ‘ही नको, ती घ्या’ असे सांगून योग्य काठी हातात देणाऱ्याचे नाव कोरले जात नाही.

या ज्ञानाची कसोटी चेंबूरमध्ये पाहावयास मिळाली. तेथील क्लबात पिशव्या वाहणाऱ्या तरुणांनी आपल्या वस्तीतील गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ सुरू केला. बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून त्यांनी काठ्या केल्या, चेंडू प्लास्टिकचा घेतला, आणि मैदान म्हणून मिळाली ती फरशी, गटारे व भिंती. साराझेन यांनी शिसे डागून जे केले, तेच येथे सळई वाकवून झाले : समोरची भूमी पाहून हत्यार घडविणे. १९९१ मध्ये दिल्लीतील अली शेर हे इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. त्यांचाही आरंभ कॅडी म्हणून झाला होता, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

सारांश, वेजवरील अंक ही परक्या वाळूवर झालेल्या प्रयोगांची नोंद होय. ती नोंद येथील मातीत वाचावयाची तर ऋतू, गवत आणि स्वतःचा हात या तिन्हींची साक्ष काढली पाहिजे. पश्चिम भारतातील खेळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने क्लबांच्या स्थापनेच्या सनांबरोबरच ही मौखिक साक्षही गोळा करावयास हवी. सन कागदावर टिकून राहतील. आगेवाल्याच्या पायांना ठाऊक असलेली जमीन त्याच्याबरोबरच नाहीशी होते.