स्टिअरिंग बॉक्स, जुन्या मोटारींचा : गळती आणि वंगणाची निवड

चालकाने फिरवलेल्या स्टिअरिंगची गती पुढच्या चाकांकडे नेणारी वर्म-रोलर, वर्म-सेक्टर किंवा कॅम-लिव्हर यंत्रणा ज्या ओतीव कवचात बंद असते, तो स्टिअरिंग बॉक्स. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, विलीस जीप, फोक्सवॅगन बीटल या गाड्यांत तो आढळतो. अँबॅसडरला रॅक-पिनियन असल्याने ही नोंद तिला लागू नाही. पॉवर स्टिअरिंगलाही नाही. गळती बहुधा तळाशी, ड्रॉप आर्मच्या (बॉक्सची गती चाकांकडे नेणाऱ्या बाहेरच्या दांड्याच्या) शाफ्टपाशी सुरू होते. वयोमानाने सीलचे रबर कडक होते, शाफ्टवर चर पडतो, बुश झिजतो आणि ९० नंबरचे गिअर ऑइल आत टिकत नाही.

अशा वेळी गॅरेजमध्ये सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे बॉक्समध्ये चेसिसचे घट्ट ग्रीस ठासणे. गळती थांबते, म्हणून तो यशस्वी वाटतो. पण गळती थांबणे आणि वंगण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिअरबॉक्समधील दाते वेगाने फिरून तेल सगळीकडे उडवतात. स्टिअरिंग बॉक्समध्ये असे काही घडत नाही. तिथे हालचाल संथ, दाब मोठा आणि घर्षण घसरते असते. घासणाऱ्या पृष्ठभागांवरून बाजूला सारलेले वंगण आपल्या वजनाने परत आले तरच उपयोग. घट्ट ग्रीसमध्ये वर्म आपल्यापुरती पोकळी कोरतो आणि पुढे त्या पोकळीत कोरडाच फिरतो. सर्वाधिक झीज गाडी सरळ चालताना लागणाऱ्या मधल्या भागात होते, आणि ती भरून येत नाही. म्हणून बॉक्स गळका असेल तर पर्याय अर्धप्रवाही ग्रीसचा, म्हणजे ग्रीसचा घट्टपणा सांगणाऱ्या एनएलजीआय श्रेणीतील ०० क्रमांकाचा. प्रमाणित चाचणीत शंकू २ क्रमांकाच्या घट्ट ग्रीसमध्ये २६.५ ते २९.५ मिमी. रुततो, ०० क्रमांकात ४० ते ४३ मिमी. ०० क्रमांकाचे ग्रीस सीलच्या फटीतून सहज ओघळत नाही, तरी कोरलेल्या पोकळीत हळूहळू परत येते.

मॅन्युअलमध्ये तेल सांगितले असताना ग्रीस का, हा आक्षेप रास्त आहे. सील धड असेल तर तेलच घालावे. पण मॅन्युअल धडधाकट बॉक्स गृहीत धरते. तेल वाहून गेलेल्या बॉक्सला मॅन्युअलचा आधार उरत नाही. शिवाय बीटलच्या नंतरच्या रोलर बॉक्समध्ये कारखान्यातूनच पातळ ग्रीस भरलेले असे, तेव्हा ही कल्पना तंत्राला परकी नाही. वर्मच्या वरच्या बेअरिंगपर्यंत असे ग्रीस पोचेल का, ही शंका अधिक गंभीर आहे. त्यासाठी बॉक्स खोलून आधीचे वंगण पुसावे, बेअरिंगला हाताने ग्रीस लावावे आणि मगच भरावे. वेगवेगळ्या साबणांपासून बनलेली ग्रीस एकमेकांत मिसळल्यास ती पातळ होऊन वाहू शकतात, हेही जुने पुसण्याचे कारण. १४० नंबरचे तेल गळतीचा वेग कमी करते, ती थांबवत नाही. बुश काशाचे असतील तर गंधकयुक्त तीव्र रसायने असलेली वंगणे टाळावीत.

ड्रॉप आर्मचा शाफ्ट हाताने आडवा हलत असेल, तर कोणतेही वंगण निवडू नये. बुश आणि सील बदलल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नये.