किबुत्झवरील पाहुणे कामकरी

तरुण माणूस परदेशी निघाला म्हणजे विद्यापीठे, संग्रहालये, राजधान्या पाहण्यास निघाला, असे आपण सहज धरून चालतो. परंतु श्रोतेहो, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांतील लाखो तरुणांनी प्रवासाची एक निराळीच तऱ्हा पत्करली. इस्रायलमधील किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीवर, काही महिने बिनपगारी राबावयाचे आणि परत यावयाचे.

या वसाहतींचा आरंभ १९१० सालचा. गालिली सरोवरातून जॉर्डन नदी जेथे बाहेर पडते तेथे दहा पुरुष व दोन स्त्रिया यांनी देगानिया ही पहिली वसाहत वसविली. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची. गुरे, अवजारे, धान्य सर्वांचे मिळून. मजूर ठेवणे हे शोषण, म्हणून आपले शेत आपणच कसावयाचे, हा त्यांचा मूळ नेम होता. हा नेम ध्यानी ठेवावा. पुढील पाहुण्यांची सारी अडचण त्यातूनच उद्भवली.

पुढे इतिहासकार म्हणून ख्याती पावलेले टोनी जट्ट हे १९६३ च्या उन्हाळ्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, लंडनहून गालिलीतील हुकोक या किबुत्झवर गेले. सरोवराच्या काठी केळीच्या बागा होत्या आणि तेथे दमट उकाड्यात रोज आठ तास काम होते. उन्हाळ्यात किबुत्झचा दिवस पहाटे चार-पाचलाच सुरू होई. ऊन चढण्यापूर्वी बरेचसे काम उरकावे लागे. केळीचा घड कापावयाचा एकाने आणि खांद्यावर झेलावयाचा दुसऱ्याने. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, हे खानदेशाशी संबंध असलेल्या श्रोत्यांस सांगावयास नको. परंतु किबुत्झवर कामाचे कपडेही सर्वांच्या धुलाईघरातून मिळत, तेव्हा त्याची खंत करण्याचे कारण नव्हते. न्याहारी सामुदायिक भोजनगृहात. उद्या कोणी कोठे जावयाचे याची यादी तेथल्याच फलकावर लागे, आणि बागेचा जाणता माणूसही आपली पाळी आली की भांडी घासावयास उभा राही. शहरी मुलाला हे सारे विलक्षण वाटावे यात नवल नाही. जट्ट तर हरखून गेले. त्या श्रमाची गोडी त्यांनी आयुष्याच्या अखेरीसही मोकळेपणाने सांगितली आहे.

तथापि त्याच भोजनगृहाची दुसरी बाजू त्यांना हळूहळू दिसू लागली. चळवळीची अपेक्षा अशी, की विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी तरुणाने तो सोडावा, काही वर्षे संत्री तोडावीत, ट्रॅक्टर हाकावा; मग समुदायास उचित वाटले तर तो त्याला शिकावयास पाठवील, आणि काय शिकावयाचे तेही समुदायच ठरवील. जट्ट केंब्रिजला गेले ते या अपेक्षेस बाजूला सारूनच. समतेच्या या राज्यात शेजाऱ्याची नजर किती बारीक असते, हे त्यांना कळून चुकले होते. आणखी एक गोष्ट आहे. हुकोकजवळ याकूक नावाचे अरब गाव होते. १९४८ च्या युद्धात ते ओस पडले. केळीच्या बागेत राबणाऱ्या पाहुण्याला ते आपण होऊन कोण दाखविणार?

१९६७ च्या मे महिन्यात युद्धाची चिन्हे दिसू लागली, राखीव सैनिक सैन्यात बोलावले गेले आणि शेतावर हात अपुरे पडू लागले. त्या वेळी निरनिराळ्या देशांतून हजारो तरुण धावून गेले. जट्टही गेले. युद्ध संपल्यावर गोलान टेकड्यांवर त्यांनी सैन्यासाठी दुभाष्याचे काम केले, आणि तेथल्या काही तरुण अधिकाऱ्यांच्या तोंडी अरबांविषयीची तुच्छता ऐकून त्यांचे मन उतरले. परंतु स्वयंसेवकांचा ओघ थांबला नाही. पुढील दशकात ब्रिटन, जर्मनी, स्कँडिनेव्हिया येथील ज्यू नसलेले तरुणच अधिक येऊ लागले. जर्मन तरुणांची एक संघटना तर १९६१ पासूनच आपली मुले तेथे पाठवीत होती. छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांच्या देशात त्यांच्या छळकांच्या पुढच्या पिढीने येऊन राबावे, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते.

आता त्या मूळ नेमाविषयी. स्वयंसेवकाला राहण्याची जागा, जेवण व थोडासा हातखर्च मिळे. मत मात्र नसे. तो सभासद नव्हे, वेतन नसल्यामुळे मजूरही नव्हे, म्हणून नेम शाबूत राहिला असे म्हणता येई. पण स्वयंपाकघरातील आणि कारखान्यातील कंटाळवाणी कामे बहुधा त्याच्याच वाट्याला येत. शिवाय पगारी मजूर पूर्वीच आले होते. १९५० नंतर नव्याने आलेल्या निर्वासितांना कामावर घ्या, असा आग्रह पंतप्रधान बेन-गुरियन यांनी धरला. किबुत्झांनी आधी नाही म्हटले, नंतर काहींनी घेतले. हे कामकरी नव्या नगरांतून येत आणि सायंकाळी परत जात. कोकणातून गेलेले आपले मराठीभाषक बेने इस्राएलही बहुतांशी अशा नगरांतच वसले. दिमोना, बेर शेवा, अश्दोद येथे अनेक घरांत मराठी बोलली गेली. भोजनगृहातील समता पाहावयास लंडनचा मुलगा विमानाने येत होता, आणि जवळच्या नगरातील कामकऱ्याला त्या वसाहतीच्या सभेत बसता येत नव्हते.

१९८० नंतरच्या दशकात महागाई आणि कर्ज यांनी किबुत्झांना घेरले. स्वयंसेवकांचा ओघ ओसरला. बागांत थायलंडहून आणलेले पगारी मजूर दिसू लागले. अनेक ठिकाणी भोजनगृहात जेवणाचे पैसे मोजावे लागू लागले, आणि २००७ साली खुद्द देगानियाच्या सभासदांनी कामानुसार कमीअधिक वेतन घेण्याचे मान्य केले.