शंभर मीटरची चूक
#थ्रेड

१/ २ मे २००० ची सकाळ. भारतात साधारण साडेनऊ वाजले असतील. त्या क्षणी जगभरातील जीपीएस यंत्रे कोणतीही दुरुस्ती न होता एकाएकी अचूक झाली. डोंगरात जाताना कोणते यंत्र आणि कोणता नकाशा घ्यावा, या आजच्या प्रश्नाचे उत्तर त्या सकाळीत आणि त्याआधीच्या दोनशे वर्षांत दडलेले आहे. 🧵

२/ जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये अवकाशात गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ जीव गेले. त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही व्यवस्था नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले.

३/ खुली, पण हातचे राखून. नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जाई. तिचे नाव ‘सिलेक्टिव्ह अ‍ॅव्हेलेबिलिटी’. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक पडे. जहाजाला तेवढे चालून जाते. कड्यावरच्या वाटेला नाही. क्लिंटन प्रशासनाने ही चूक बंद केली, ती २ मे २००० रोजी.

४/ दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली. तीत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि इतर किरकोळ वस्तू होत्या. त्यांनी जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. नियम एकच : काही घ्या, काही ठेवा. शोधणारे थोड्याच दिवसांत पोचले आणि महिनाअखेरीस या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले.

५/ उपग्रहाची चूक संपली. नकाशाची मात्र उरली आणि तिची मुळे भारतात आहेत. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रास येथे आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट वाहून नेत, त्रिकोणामागून त्रिकोण मोजत हे काम उत्तरेकडे सरकत गेले. जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर आजच्या वर्धा जिल्ह्यात आहे.

६/ त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट. पृथ्वी पूर्ण गोल नाही. ध्रुवांशी ती चपटी आहे. भारतातील मोजणीच्या आधारे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये या आकाराचे गणित मांडले. आपल्या नकाशांचे अक्षांश-रेखांश पिढ्यान्‌पिढ्या याच गणितावर बेतले गेले. जीपीएस मात्र ‘डब्ल्यूजीएस-८४’ हे वेगळे गणित वापरते.

७/ परिणाम असा की जुन्या टोपोशीटवरचा आकडा यंत्रात जसाच्या तसा भरला, तर सह्याद्रीत जागा शंभर मीटरच्या घरात सरकते. १:५०,००० च्या नकाशावर हे अंतर जेमतेम दोन मिलिमीटर! एकदा पावसाळ्यात राजगड-तोरणा धारेवर आम्ही हीच चूक केली. वाट धारेवरून होती. यंत्र मात्र आम्हाला बाजूच्या उतारावर बोलावत होते. धुके विरळ होईपर्यंत थांबलो, म्हणून निभावले. परत आल्यावर पाहिले, तर दोष यंत्राचाही नव्हता आणि नकाशाचाही. दोघांची भाषा वेगळी आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

८/ असे नकाशे मिळणे हीसुद्धा एकेकाळी कठीण गोष्ट होती. समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील टोपोशीट निर्बंधित असत. कोकण आणि सह्याद्रीचा बराच भाग या पट्ट्यात मोडतो. म्हणजे ज्या डोंगरांत भटकायचे, त्यांचाच नकाशा दुर्मीळ. पिढ्यान्‌पिढ्या गिर्यारोहक झेरॉक्सच्या झेरॉक्सवर चालले, त्यामागे हे कारण होते.

९/ २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी स्वतंत्र ‘ओपन सिरीज’ नकाशे आणले आणि तेही डब्ल्यूजीएस-८४ वर. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने ते संकेतस्थळावर मोफत उपलब्ध केले. २०२१ मध्ये नकाशे व स्थानविषयक माहितीवरील निर्बंध आणखी शिथिल झाले. आपण कुठे उभे आहोत हे जाणण्याचा अधिकार असा हप्त्याहप्त्याने मिळाला आहे.

१०/ आता निवड. यंत्र असे घ्या, ज्यात ‘डेटम’ बदलता येतो, आणि निघण्यापूर्वी ते नकाशाशी जुळवा. सोबत कागदी नकाशा ठेवा. रायगड, राजगड, तोरणा हे तिन्ही गड ‘४७ एफ’ या एक अंशाच्या चौकोनात येतात. त्यातील १:५०,००० ची नेमकी शीट शोधा. मात्र तिच्यावर दोन समोच्च रेषांत २० मीटरचे अंतर असते. पंधरा मीटरचा कातळटप्पा त्यांच्यामध्ये सहज दडू शकतो. होकायंत्र घ्याच, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक सध्या नगण्य आहे. जादा बॅटरी कोरड्या पिशवीत ठेवा.

११/ दोन सावधगिरीच्या सूचना. केवळ संकेत ग्रहण करणारे जीपीएस वेगळे आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र वेगळे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र भारतात पूर्वपरवानगीशिवाय बाळगल्यास अटकेची वेळ येऊ शकते. परदेशातून येणाऱ्या मित्रांना हे आवर्जून सांगा. आणि जिओकॅशिंग करायचे असेल, तर संरक्षित गडाच्या तटाचा चिरा हलवून डबा लपवू नका. तो चिरा हाच आपला ठेवा आहे.

१२/ एक शंभर मीटरची चूक एका सरकारने हेतुपुरस्सर घातली होती आणि एका आदेशाने ती गेली. दुसरी इतिहासाने आपल्या हाती दिली आहे. ती कोणत्याही आदेशाने जाणार नाही. नकाशाच्या समासातील बारीक अक्षरे वाचली, तरच जाईल. पुढच्या वेळी टोपोशीट उघडाल, तेव्हा आधी समास वाचा.

तुमच्याकडे जुनी टोपोशीट असल्यास तिच्या समासात कोणते साल छापले आहे, ते खाली नक्की सांगा. 🙏